बास्क प्रदेशात बस आणि रेल्वेने फिरण्याचे नियोजन

स्पेनचा उत्तर किनारा आणि फ्रान्सचा नैर्ऋत्य कोपरा यांना जोडणारा बास्क प्रदेश नकाशावर फारच आटोपशीर दिसतो. बिल्बाओहून सान सेबास्तियान रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर आहे आणि तेथून फ्रान्सची सीमा जेमतेम २० किलोमीटर. युरोपात शहरांमधला प्रवास रेल्वेनेच करायचा, असा एक समज आपण भारतातून निघताना सोबत नेतो. इतरत्र तो बऱ्याच अंशी खराही ठरतो, पण येथे त्यावर विसंबून आखणी केली तर दिवसातले दोन-तीन तास हकनाक वाया जातात. हा भाग डोंगराळ आहे, खोरी अरुंद आहेत आणि रेल्वेमार्ग निरनिराळ्या काळात निरनिराळ्या गरजांसाठी टाकले गेले. त्यामुळे येथे “कोणती गाडी पकडू?” याच्या आधी “या टप्प्यावर कोणाचे जाळे चांगले आहे?” हा प्रश्न विचारावा लागतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत.

१. आधी जाळी वेगळी करून घ्या

बास्क प्रदेशात तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ आहेत, आणि बाकीची बरीचशी गुंतागुंत यातूनच निर्माण होते. स्पेनच्या राष्ट्रीय रेल्वेचे, म्हणजे रेन्फेच्या नेहमीच्या गाड्यांचे रूळ १,६६८ मिलिमीटर रुंदीचे आहेत. फ्रान्समध्ये १,४३५ मिलिमीटरची प्रमाण रुंदी आहे. बास्क सरकारच्या अखत्यारीतील एउस्कोत्रेन ही कंपनी मात्र १,००० मिलिमीटरच्या, म्हणजे आपण ज्याला मीटरगेज म्हणतो त्या रुळांवर गाड्या चालवते. त्यामुळे एका कंपनीची गाडी दुसरीच्या रुळांवर सहसा जात नाही, तिकीटखिडक्या वेगळ्या असतात, आणि एकाच गावात दोन कंपन्यांची दोन स्थानके असणे हे येथे नित्याचे आहे.

रेन्फेच्या प्रमुख सेवा दोन प्रकारच्या आहेत. माद्रिदहून बिल्बाओ, वितोरिया, सान सेबास्तियान येथे येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आरक्षणाच्या आहेत. सेर्कानियास नावाच्या उपनगरी गाड्यांना आरक्षण लागत नाही. एउस्कोत्रेनच्या मार्गांपैकी पाहुण्याला तीन कामाचे आहेत: ई-१ हा बिल्बाओ ते सान सेबास्तियान, ई-२ हा सान सेबास्तियानहून सीमेपलीकडच्या एन्दायपर्यंत, आणि ई-४ हा बिल्बाओहून गेर्निकामार्गे बेर्मेओच्या बंदरापर्यंत. बिल्बाओ शहराची स्वतःची मेट्रो १९९५ पासून धावते. तिची काचेची वळणदार प्रवेशद्वारे वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर यांनी घडवली आणि गावकरी त्यांना लाडाने “फोस्तेरितो” म्हणतात.

बस प्रांतवार वाटलेल्या आहेत. बिस्काया प्रांतात बिस्काइबुस, गिपुस्कोआ प्रांतात लुर्राल्देबुस आणि आलावा प्रांतात आलावाबुस. शहरांतर्गत बस पुन्हा निराळ्या: बिल्बाओत बिल्बोबुस, सान सेबास्तियानमध्ये द-बुस, वितोरियात तुविसा. फ्रान्सच्या बाजूला शहर आणि गावांच्या बसना चिक चाक असे एकच नाव आहे. ही नावे एकदा ओळखीची झाली की थांब्यावरचा फलक पाहून आपली बस कोणती हे निम्मे कळते.

वितोरिया, बिल्बाओ आणि सान सेबास्तियान यांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेमार्गाचे काम २००६ पासून चालू आहे. त्याचा आराखडा रोमन लिपीतल्या वाय अक्षरासारखा असल्याने त्याला “बास्क वाय” म्हणतात. तो पूर्ण होऊन गाड्या धावू लागेपर्यंत या तीन शहरांमधल्या प्रवासाचा कणा बस हाच आहे. या कामामुळे जुन्या मार्गांवर अधूनमधून गाडीऐवजी बदली बस दिली जाते, तेव्हा तिकिटावर रेल्वेचे नाव असूनही स्थानकाबाहेरच्या बसकडे बोट दाखवले गेले तर गोंधळून जाऊ नये.

२. गावांची दोन्ही नावे लिहून ठेवा

तिकिटावर एक नाव, बसच्या कपाळावर दुसरे, हा अनुभव पहिल्याच दिवशी येतो. बिल्बाओ म्हणजे बिल्बो, सान सेबास्तियान म्हणजे दोनोस्तिया, वितोरिया म्हणजे गास्तेइस, पाम्प्लोना म्हणजे इरुन्या. फ्रान्सकडील एन्दाय हे एन्दाइया, बायोन हे बाइओना, सेंट-जाँ-पिए-द-पोर हे दोनिबाने गारासी. ही जोडी केवळ शहरांपुरती नाही. बिल्बाओच्या जुन्या गावातले मेट्रो स्थानक नकाशावर “सास्पिकालेआक” आणि “कास्को विएखो” अशा दोन नावांनी दिसते. ते एकच स्थानक आहे. शोधयंत्रात एका नावाने काही सापडले नाही तर दुसऱ्या नावाने पुन्हा शोधावे, आणि नावे रोमन लिपीतच, जशी फलकावर असतात तशी, वहीत उतरवून ठेवावीत.

३. कोणत्या टप्प्याला बस आणि कोणत्या टप्प्याला रेल्वे, हे ठरवा

नियोजनाचा गाभा हाच आहे, म्हणून येथे घाई करू नये.

बिल्बाओ ते सान सेबास्तियान हा सर्वांत वर्दळीचा टप्पा. बसला साधारण सव्वा तास लागतो आणि दिवसभर बस सुटत असतात. एउस्कोत्रेनच्या ई-१ गाडीला अडीच तासांहून अधिक लागतात, कारण ती प्रत्येक खोऱ्यातल्या गावाला नमस्कार करीत जाते. केवळ पोहोचायचे असेल तर बस, हे स्पष्ट आहे. पण एखादा दिवस हाताशी असेल तर हाच प्रवास रेल्वेने तुकड्यातुकड्यांनी करावा असे मी आग्रहाने सांगेन. बिल्बाओहून निघालेली गाडी दुरांगो, एइबार अशा कारखान्यांच्या गावांतून जाते. नदी, इमारती आणि रूळ यांना एकाच अरुंद खोऱ्यात दाटीवाटीने बसवलेले दिसते. देबा आले की एकाएकी डाव्या खिडकीत समुद्र येतो. पुढचे सुमाइया हे कड्यांच्या उभ्या खडकथरांसाठी भूशास्त्रज्ञांमध्ये प्रसिद्ध आहे, तर साराउत्सला लांबलचक वाळूचा किनारा आहे. सान सेबास्तियानला मुक्काम असेल तर सकाळी रेल्वेने सुमाइया गाठणे, तेथे कडे पाहणे आणि परतताना साराउत्सला उतरणे हा एका दिवसाचा उत्तम बेत होतो.

बिल्बाओ ते वितोरिया या टप्प्यात नवखे हटकून फसतात. नकाशा दोन्ही शहरांत रेल्वे स्थानक दाखवतो, पण थेट गाडी नाही. मिरांदा दे एब्रो येथे, म्हणजे बास्क प्रदेशाच्या बाहेर जाऊन, गाडी बदलावी लागते. बस मात्र तासाभरात थेट पोहोचवते. सान सेबास्तियान ते वितोरिया या मार्गावर थेट रेल्वे आहे आणि डोंगर ओलांडणारा तो प्रवास देखणाही आहे, परंतु गाड्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधी पाहावी.

बिल्बाओ ते गेर्निका हा प्रवास ई-४ गाडीने करावा. पाऊण-एक तासात गाडी पोहोचते आणि स्थानक गावाच्या अगदी जवळ आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी, सोमवारच्या बाजारादिवशी, या गावावर विमानांतून बाँबफेक झाली. आजही बाजार सोमवारीच भरतो. मात्र सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात, तेव्हा बाजार की संग्रहालय हे आधी ठरवावे लागते. हीच गाडी पुढे मुंदाकाच्या खाडीकाठाने बेर्मेओला जाते.

पाम्प्लोनाला बसनेच जावे. सान सेबास्तियानहून साधारण सव्वा तास आणि बिल्बाओहून दोन तास लागतात. तेथील बस स्थानक शहराच्या मध्यात, जुन्या किल्ल्यालगत जमिनीखाली आहे, तर रेल्वे स्थानक शहरापासून बाजूला पडते.

बिल्बाओच्या आसपास, म्हणजे समुद्रकिनारा किंवा पोर्तुगालेते येथील १८९३ चा झुलता पूल पाहण्यासाठी, मेट्रो पुरेशी आहे. नदीच्या एका काठाला आरेएता स्थानकावर उतरावे, पुलाला टांगलेल्या फिरत्या तराफ्यातून पलीकडे जावे आणि परतीची मेट्रो पोर्तुगालेतेहून धरावी, म्हणजे त्याच वाटेने मागे यावे लागत नाही.

४. प्रवास कार्ड पहिल्याच दिवशी घ्या

बिस्कायात बारिक, गिपुस्कोआत मुगी आणि वितोरियात बात अशी तीन कार्डे आहेत. पूर्वी प्रत्येक कार्ड आपापल्या प्रांतापुरते होते. आता ती एकमेकांच्या बहुतेक सेवांत चालतात, त्यामुळे पहिल्या मुक्कामी जे मिळेल ते एकच घ्यावे. बारिक कार्डाची किंमत ३ युरो असून ते बिल्बाओच्या मेट्रो स्थानकांतील यंत्रांवर मिळते. त्यात पैसे भरले की मेट्रो, एउस्कोत्रेन, बिस्काइबुस, ट्राम आणि बिल्बाओच्या सेर्कानियास गाड्या या सर्वांना ते चालते, आणि सुट्या तिकिटापेक्षा भाडे बरेच कमी पडते.

नाव नसलेले बारिक कार्ड कुटुंबात मिळून वापरता येते. एकाने फाटकावर कार्ड टेकवून आत जायचे आणि मागच्याच्या हाती द्यायचे, असा तो रिवाज आहे. फक्त एक पथ्य कटाक्षाने पाळावे: मेट्रो आणि एउस्कोत्रेनमध्ये उतरल्यावरही कार्ड टेकवावे लागते, आणि आत जाताना जितके जण मोजले गेले तितक्यांदा बाहेर पडताना टेकवावे लागते. मोठ्या स्थानकांत फाटक असल्याने हे आपोआप घडते. लहान गावांच्या स्थानकांवर मात्र फाटक नसते, फलाटावर किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर एक खांबावरचे यंत्र असते आणि समोरचा समुद्र पाहत माणूस सरळ चालू लागतो. असे झाले तर पुढच्या वेळी कार्ड अडते किंवा जास्तीचे भाडे कापले जाते.

शहराशहरांमधल्या लांबच्या बससाठी कार्डावर विसंबून न राहता आसनाचे तिकीट ऑनलाइन किंवा स्थानकावरच्या यंत्रातून काढावे. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी परतीच्या वेळी या बस भरतात. चालकाला पैसे द्यायची वेळ आली तर लहान नोटा आणि नाणी जवळ असावीत. ५० युरोची नोट पुढे केली की खोळंबा ठरलेला.

५. कोणते स्थानक, हे तपासल्याशिवाय निघू नका

बिल्बाओत आबांदो हे रेन्फेचे मुख्य स्थानक आहे आणि आतली प्रचंड रंगीत काचेची खिडकी पाहण्यासाठी तरी तेथे जावे. त्याच्या अगदी शेजारी कोंकोर्दिया हे वेगळे, जुने आणि देखणे स्थानक आहे. तेथून अरुंद रुळांच्या गाड्या सांतांदेर आणि बाल्मासेदाकडे जातात. एउस्कोत्रेनसाठी यांपैकी कोठेही जाऊ नये. ई-१ आणि ई-४ या गाड्या मातिकोहून निघून सास्पिकालेआक स्थानकातून जातात. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या लेखांत या गाड्या अचुरी स्थानकातून सुटतात असे लिहिलेले आढळते. २०१९ पासून ते खरे नाही. अचुरीची सुंदर इमारत जागेवर आहे, पण तेथे उभे राहून गाडी मिळणार नाही.

बिल्बाओचे बस स्थानक सान मामेस भागात, फुटबॉलच्या मैदानाजवळ, जमिनीखाली आहे. त्याला आता इंतेरमोदाल म्हणतात, जुने नाव तेर्मिबुस. मेट्रो, ट्राम आणि सेर्कानियास या तिन्ही सेवा त्याच्या दारात असल्याने मुक्काम कोठेही असला तरी अडचण पडत नाही.

सान सेबास्तियानमध्ये रेन्फेचे स्थानक आणि बस स्थानक उरुमेआ नदीकाठी एकमेकांलगत आहेत, तर एउस्कोत्रेनचे आमारा स्थानक नदीच्या दुसऱ्या बाजूला आहे. मध्ये पायी साधारण पंधरा मिनिटांचे अंतर पडते. वितोरियात रेल्वे स्थानक शहराच्या मध्यात आणि बस स्थानक उत्तरेकडे दूर आहे, मध्ये ट्राम धरावी लागते. दोन्हींमध्ये जोडप्रवास असेल तर निदान पाऊण तासाचे अंतर ठेवावे.

बिल्बाओच्या विमानतळाला रेल्वे नाही. ए ३२४७ क्रमांकाची बिस्काइबुस तेथून शहरात येते आणि इंतेरमोदाल स्थानकापर्यंत जाते. सान सेबास्तियानला मुक्काम असेल तर शहरात येण्याची गरजच नाही, कारण विमानतळावरूनच तिकडची थेट बस आहे. मुंबईहून बिल्बाओला थेट विमान नसल्याने मधल्या शहरातून येणारे विमान रात्री उशिरा उतरू शकते. शेवटची बस मध्यरात्रीच्या सुमारास असते, हे विमानाचे तिकीट काढतानाच ध्यानात घ्यावे.

६. सीमा ओलांडताना

सान सेबास्तियानहून फ्रान्सला जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे एउस्कोत्रेनची ई-२ गाडी. तिला सगळे “तोपो” म्हणतात, म्हणजे चिचुंदरीसारखा बिळे खणणारा प्राणी. वाटेतले बोगदे मोजायला लागलात की नावाचा उलगडा होतो. आमाराहून ती साधारण पाऊण तासाच्या आत एन्दायला पोहोचते. फलाट अगदी साधा आहे. बाहेर पडले की समोरच्याच आवारात फ्रेंच रेल्वेचे स्थानक दिसते, आणि काही पावलांत तुम्ही दुसऱ्या देशाच्या रेल्वेजाळ्यात असता. तेथून बायोनला जाणारी प्रादेशिक गाडी पाऊण तासाच्या आत पोहोचवते आणि तिला आरक्षण लागत नाही. पॅरिसला जाणाऱ्या वेगवान तेजेवे गाडीला आरक्षण अनिवार्य आहे आणि तिला साधारण पाच तास लागतात.

स्पेनचे कार्ड फ्रेंच गाडीत चालत नाही, त्यामुळे एन्दायला नवे तिकीट काढण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत. रेन्फेने इरुनला आलात तर तोपोचे इरुन कोलोन हे स्थानक थोडे चालून गाठावे लागते.

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकाच व्हिसावर ये-जा करता येते. तरीही एन्दाय स्थानकावर फ्रेंच पोलीस कागदपत्रे तपासतात, आणि भारतीय पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून “संध्याकाळपर्यंत येतोच” म्हणत निघणे धोक्याचे आहे. मोबाइलमधले छायाचित्र तेथे पुरत नाही. व्हिसाचा अर्ज करतानाही ही सीमा आड येते: ज्या देशात अधिक रात्री मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि रात्री समसमान असतील तर जेथून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. सान सेबास्तियान आणि बायोन यांत मुक्काम वाटलेला असेल तर रात्री मोजूनच अर्ज भरावा.

सोबत असावे असे:

- मूळ पासपोर्ट आणि त्यावरील शेंगेन व्हिसा, शिवाय दोन्हींच्या छायाप्रती वेगळ्या पिशवीत
- किमान ३०,००० युरोचे संरक्षण असलेला प्रवास विमा, छापील स्वरूपात
- मुक्कामाच्या आरक्षणांच्या प्रती, व्हिसाच्या अर्जातल्याच क्रमाने
- परदेशात चालणारे बँक कार्ड आणि थोडी सुटी नाणी
- मोबाइलमध्ये बास्क सरकारचे मूवेउस्कादी हे मार्गशोधक, तसेच रेन्फे आणि फ्रेंच रेल्वेची ॲप्स

७. वेळापत्रक वाचण्याची पद्धत

येथील वेळापत्रके तीन रकान्यांत असतात: कामाचे दिवस, शनिवार, आणि रविवार व सणाचे दिवस. खेडेगावांच्या बसबाबत तिसऱ्या रकान्यात अनेकदा दोन-तीनच वेळा दिसतात. यात खरी मेख सणाच्या दिवसांची आहे, कारण ते सर्वत्र सारखे नसतात. ३१ जुलै, म्हणजे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नासिओ यांचा दिवस, बिस्काया आणि गिपुस्कोआ येथे सुटीचा असतो. १४ जुलैला फ्रान्सच्या बाजूला सुटी असते आणि स्पेनमध्ये नेहमीचा कामाचा दिवस. १५ ऑगस्ट दोन्हींकडे सुटीचा. शालेय सुट्यांतही बस कमी-जास्त होतात, म्हणून प्रवासाच्या नेमक्या तारखेचे वेळापत्रक उघडून पाहावे. “सोमवारी असते, म्हणजे या सोमवारीही असेल” असे धरून चालू नये.

पाम्प्लोनात ६ ते १४ जुलै या काळात सान फेर्मिनचा उत्सव असतो. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी त्या आठवड्यात तिकडे फिरकूच नये. बसची तिकिटे आणि खोल्या दोन्ही हाती लागत नाहीत. बिल्बाओचा मोठा उत्सव ऑगस्टमध्ये असतो, पण तेव्हा निदान मेट्रोच्या फेऱ्या वाढतात.

८. आडवाटेची ठिकाणे

सान हुआन दे गास्तेलुगाचे हे समुद्रात घुसलेल्या खडकावरचे छोटे देऊळ आहे. तेथे रेल्वे जात नाही. बाकियो किंवा बेर्मेओच्या बाजूने बस घ्यावी आणि उरलेली वाट चालावी. गर्दीच्या मोसमात प्रवेशासाठी विनामूल्य आरक्षण आधी करावे लागते, आणि बसची वेळ त्या आरक्षणाच्या वेळेशी जुळवावी लागते. दगडी पायऱ्या २४१ आहेत आणि परतीची चढण कड्याच्या माथ्यापर्यंत आहे, तेव्हा शेवटच्या बसआधी दोन तास तरी राखून ठेवावेत.

लोयोला हे इग्नासिओचे जन्मस्थान आस्पेइतिया गावालगत आहे. सान सेबास्तियानहून लुर्राल्देबुसने तेथे सहज जाता येते आणि अर्धा दिवस पुरतो.

गोव्यातून येणाऱ्यांपैकी अनेकांची खरी ओढ मात्र नावार्रातील, म्हणजे पाम्प्लोना ज्याची राजधानी आहे त्या प्रांतातील, हाविएर येथे असते. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात ज्यांचे अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये येथल्याच किल्ल्यात जन्मले आणि १५४२ मध्ये गोव्यात उतरले. किल्ला पाम्प्लोनापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. रेल्वे नाही, थेट बस अगदी कमी. व्यवहार्य मार्ग असा की पाम्प्लोनाहून सांगुएसापर्यंत बस धरावी आणि तेथून उरलेल्या सुमारे ८ किलोमीटरसाठी टॅक्सी सांगावी. टॅक्सी थांब्यावर उभी असेलच असे नाही. पाम्प्लोनाहून निघण्याआधी हॉटेलमधून फोन करवून घ्यावा आणि परतीची वेळही त्याच फोनवर ठरवावी. मार्चमध्ये नावार्राभरातून यात्रेकरू पायी हाविएरला येतात. त्या दिवसांत रस्ते गजबजलेले असतात आणि टॅक्सी मिळणे अवघड होते. वयस्कर मंडळी सोबत असतील तर पाम्प्लोनाहून चार जणांत दिवसभराची टॅक्सी वाटून घेणे बसच्या वेळा जुळवत बसण्यापेक्षा सोयीचे पडते, आणि सकाळी लवकर निघाल्यास संध्याकाळची सान सेबास्तियानची बसही मिळते.